भरपाईसाठी निकालाची वाट पाहू नका

घरातल्या कमावत्या माणसाचा खून होतो, तेव्हा पहिले काही दिवस पोलीस ठाणे, शवविच्छेदन आणि अंत्यविधी यांतच जातात. तेरावे आटोपते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि घरभाड्याची तारीख येते. मुलाची फी थकलेली असते, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतात. अशा घरातल्या बाईला विचारावे, ‘सरकारी भरपाईचा अर्ज केलात का?’ तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘केस कोर्टात आहे. निकाल लागू दे, मग बघू.’

हे तिला कोणीतरी सांगितलेले असते. कधी शेजाऱ्याने, कधी ठाण्यातल्या हवालदाराने, कधी चक्क वकिलाने. ते चुकीचे आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्या माणसाला किंवा त्याच्या कुटुंबाला सरकारकडून मिळणारी भरपाई आरोपीच्या शिक्षेवर अवलंबून नाही. आरोपी सुटला तरी ती मिळू शकते, सापडलाच नाही तरी मिळू शकते आणि तातडीची मदत तर तपास चालू असतानाच मागता येते. एवढे एक वाक्य जरी गावोगाव पोचले, तरी पुष्कळ कुटुंबांची पहिल्या वर्षातली फरपट कमी होईल.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. न्यायालय आरोपीला दंड ठोठावते आणि त्यातली रक्कम पीडिताला द्यायला सांगते, ही जुनी तरतूद. ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. हा पैसा आरोपीच्या खिशातून यायचा असतो, म्हणून त्यासाठी निकाल व्हावा लागतो. आरोपी कफल्लक निघाला तर हाती काही येत नाही. दुसरी तरतूद सरकारच्या तिजोरीतून भरपाई देण्याची. ती २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ म्हणून आली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तेच कलम नव्या संहितेत ३९६ या क्रमांकाने आहे. त्यानुसार प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करायची आणि तिच्यासाठी निधी ठेवायचा. महाराष्ट्राची योजना २०१४ साली आली, गोव्याची त्याआधी २०१२ मध्ये. यामागची भूमिका सरळ आहे. नागरिकाचे रक्षण करणे हे राज्याचे काम. ते झाले नाही, तर उद्ध्वस्त झालेल्या घराला उभे करण्याची जबाबदारीही राज्याचीच. म्हणून अर्ज करताना कोणी ‘मेहेरबानी’ची भाषा केली तर खाली मान घालून ऐकून घेऊ नका. तुम्ही हक्क मागत आहात.

हा पैसा बायकांपुरताच आहे, हाही एक गैरसमज. पुरुषही अर्ज करू शकतो, मुलांसाठी पालक करू शकतात आणि मृत व्यक्तीवर अवलंबून असलेले वारस करू शकतात. मात्र तो इजा, अपंगत्व, मृत्यू, लैंगिक अत्याचार यांसारख्या हानीसाठी आणि पुनर्वसनाची गरज असलेल्यांसाठी आहे. घरफोडीत गेलेले दागिने यातून भरून मिळत नाहीत.

आता जायचे कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी पाटी असते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. पुष्कळ जण पोलीस ठाण्यात किंवा कलेक्टर कचेरीत चकरा मारतात आणि या पाटीसमोरून न थांबता निघून जातात, कारण तिथे आपले काय काम हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्राधिकरणाचा सचिव हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी असतो. ‘साहेबांना भेटायचे आहे’ असे सांगायला संकोच करू नका. अर्जाला कोर्ट फी लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. वकील हवाच असेल तर स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. कोर्टाच्या फाटकाबाहेर ‘दहा टक्के द्या, मंजूर करून आणतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

अर्ज दिला की पोच घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण इथेच जास्तीत जास्त प्रकरणे रखडतात. अर्जाची झेरॉक्स सोबत न्या. त्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला पाहिजे. ‘ठेवून जा, बघतो’ एवढ्यावर परतू नका. कायद्याने प्राधिकरणाला चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची आहे आणि हे दोन महिने कधी सुरू झाले ते तुमच्याकडचा शिक्काच सांगतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे मोघम विचारू नका, आवक क्रमांक सांगून विचारा. टेबलापलीकडच्या माणसाला फाइल शोधायला दोन मिनिटे लागतात आणि बोलण्याचा सूरही बदलतो.

कागदपत्रांत पहिला एफआयआर. त्याची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला मोफत द्यावी लागते, ती मागून घ्या. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला हे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. ठाण्याने नोंदच घेतली नाही, तर फिर्याद लिहून पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दुसरा महत्त्वाचा कागद दवाखान्याचा. जखमी माणसाला नेल्यावर डॉक्टरांना ‘पडला’ किंवा ‘लागले’ असे मोघम सांगू नका. मारहाण झाली असेल तर मारहाण असेच सांगा, म्हणजे एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) अशी नोंद होते आणि जखमेचा दाखला त्या नोंदीवरून मिळतो. लाजेपोटी किंवा भीतीपोटी पहिल्या रात्री सांगितलेले ‘जिन्यावरून पडले’ हे दोन शब्द पुढे भरपाईच्या अर्जातही आडवे येतात आणि खटल्यातही. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे लागतात. औषधांची बिले एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. बिल हरवले असेल तर दुकानदार दुय्यम प्रत देतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मंजूर झालेले पैसेही अडकतात, ती म्हणजे नावाचे लेखन. आधारवर ‘सुनिता’, बँकेत ‘सुनीता’, एफआयआरमध्ये नवऱ्याचे नाव वगळून माहेरचे आडनाव. प्रत्येक कागद खरा असतो, पण तीन कागद मिळून तीन बायका होतात. अर्ज देण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. बँक खाते पीडिताच्या स्वतःच्या नावाचे आणि चालू स्थितीतले हवे. दीर किंवा मामा यांच्या खात्याचा क्रमांक देऊ नका, मग ते कितीही भले असोत.

रकमेबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. महाराष्ट्रात बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांसाठी ‘मनोधैर्य’ योजना आहे. ती २ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली, २०१७ साली सुधारली गेली आणि तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद आहे. पैशाबरोबर समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत हाही तिचा भाग आहे. देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये महिलांसाठी आदर्श योजना तयार केली आणि सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात तिला मान्यता दिली. तिच्यात बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख, मृत्यूसाठी ५ ते १० लाख आणि अॅसिडने चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख रुपये अशी चौकट आहे. पीडित अल्पवयीन असेल तर रक्कम ५० टक्क्यांनी वाढते. किमान आणि कमाल यांत बरेच अंतर आहे, आणि नेमका आकडा ठरतो तो तुम्ही काय दाखवता त्यावर. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, शाळा सुटणे, गाव सोडावे लागणे, मानसिक उपचार, घरात खाणारी तोंडे किती हे सगळे अर्जात लिहा. ‘योग्य ती भरपाई मिळावी’ एवढे लिहून सोडून देऊ नका. विमा किंवा दुसऱ्या योजनेतून काही मिळाले असेल तर तेही प्रामाणिकपणे नमूद करा. ते लपवले आणि नंतर उघड झाले तर वसुलीची पाळी येते.

महिलांसाठीच्या या योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि उशिराचे कारण पटले तर तोही माफ होतो. तरीही थांबू नका. दवाखान्यातली नोंद, साक्षीदाराची आठवण, तपास अधिकाऱ्याची बदली, काळ या सगळ्यांवर चालून जातो.

तातडीच्या मदतीची सोय मात्र सर्वांत कमी वापरली जाते. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा त्या भागाच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दाखला दिला, तर प्राधिकरण मोफत प्रथमोपचार, वैद्यकीय मदत किंवा अंतरिम रक्कम देण्याचा आदेश करू शकते. पूर्ण चौकशी होईपर्यंत थांबावे लागत नाही. हा दाखला लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सांगितले आहे, की अंतरिम भरपाईची गरज आहे का हे न्यायालयाने लवकरात लवकर आपणहून पाहिले पाहिजे. मुलांच्या बाबतीत कायदा आणखी मोकळा आहे. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे गुन्हा नोंदवल्यानंतर कुठल्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने पैसे द्यायचे असतात. अन्न, कपडे, प्रवास अशा निकडीसाठी बालकल्याण समिती वेगळी शिफारस करू शकते. अॅसिड हल्ल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मी प्रकरणातल्या आदेशांनुसार किमान ३ लाखांची भरपाई आहे आणि त्यातले १ लाख १५ दिवसांत मिळाले पाहिजेत.

उपचारांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. बलात्कार, अॅसिड हल्ला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचार यांत सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करायचे असतात. ‘आधी डिपॉझिट भरा’ किंवा ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे म्हणता येत नाही. उपचार नाकारणे हा एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. अॅसिड हल्ल्यातल्या व्यक्तीने पहिल्याच रुग्णालयातून तसा दाखला घ्यावा. पुढच्या शस्त्रक्रियांना तो लागतो. अशा व्यक्तींचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढून ठेवावे.

दोन प्रकारच्या प्रकरणांत दार वेगळे आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर जातीय अत्याचार झाला असेल आणि गुन्ह्यात अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागली असतील, तर मदत समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांमार्फत मिळते. २०१६ च्या सुधारित नियमांत ती गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत आहे आणि टप्प्याटप्प्याने दिली जाते. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. यातही निकालाची वाट पाहायची नाही. वारसांना मासिक निवृत्तिवेतनाचीही तरतूद आहे, तिची चौकशी त्याच कार्यालयात करा. जातीचा दाखला नसेल तर तो काढायला त्याच दिवशी लागा. अॅट्रॉसिटीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे.

दुसरे प्रकरण रस्त्यावरचे. वाहनाने उडवले आणि ते पळून गेले, नंबर कोणी पाहिला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दावा चौकशी अधिकारी म्हणून जातो. वाहन सापडले असेल तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे, तिथे रक्कम याहून कितीतरी अधिक असू शकते.

कामासाठी परराज्यात गेलेल्या आपल्या माणसावर तिकडे हल्ला झाला, तर अर्ज ज्या जिल्ह्यात गुन्हा घडला तिथल्या प्राधिकरणाकडे जातो. भाषा आणि अंतर आडवे येत असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या प्राधिकरणाकडे मदत मागा किंवा १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा.

पैशाइतकाच, कित्येक घरांत पैशाहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा असतो. आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत राहायला येतो. पोरगी क्लासला जाताना कोपऱ्यावर त्याचा भाऊ उभा असतो. ‘मिटवून घ्या’ असा निरोप घेऊन गावातला कोणी बडा माणूस चहाला येतो. या सगळ्याची नोंद ठेवा. साध्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण, कोण आले, नेमके काय शब्द बोलले, कोणासमोर बोलले एवढे लिहा. धमकीचा फोन आला तर कॉल लॉग आणि व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. साक्ष बदलण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याची वेगळी फिर्याद द्या आणि तिची प्रत सरकारी वकिलांना देऊन जामीन रद्द करण्याचा अर्ज करायला सांगा. पीडिताचे म्हणणे प्रत्येक टप्प्यावर ऐकले गेले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जगजीत सिंग प्रकरणात जामिनाच्याच संदर्भात स्पष्ट केले आहे.

भीती याहून गंभीर असेल तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ चा आधार घ्या. महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ती देशभर लागू केली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तीत पोलीस प्रमुख असतात आणि जिल्ह्यातल्या अभियोग पक्षाचा प्रमुख सदस्य सचिव असतो. अर्ज त्याच्याकडे द्यायचा. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत देतो. घराभोवती गस्त, दाराला मजबूत कड्या आणि कॅमेरे, न्यायालयात ने-आण करायला सरकारी वाहन, फोन नंबर बदलणे, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, अगदी गंभीर प्रकरणात ओळख बदलणे इथपर्यंत उपाय आहेत. संरक्षणाचा आदेश एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचा असतो, म्हणून मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करा. अर्जात ‘जिवाला धोका आहे’ एवढेच न लिहिता वहीतल्या नोंदी जोडा आणि नेमके काय हवे ते सांगा, उदाहरणार्थ साक्षीच्या दिवशी घरापासून कोर्टापर्यंत पोलीस सोबत.

घरातच मारहाण होत असेल किंवा रात्री आसरा हवा असेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जा. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि पोलिसांशी संपर्क एकाच छपराखाली मिळतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तत्काळ पोलिसांसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मिळवता येतो.

न्यायालयात मुलाला किंवा अत्याचार झालेल्या स्त्रीला आरोपीच्या समोरासमोर उभे राहावे लागू नये, यासाठी असुरक्षित साक्षीदारांची स्वतंत्र केंद्रे असतात. महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सगळीकडे उभी करायला सांगितली. पडद्याआडून किंवा व्हिडिओद्वारे साक्ष हवी असेल, तर तारखेच्या आधीच सरकारी वकिलांना सांगा.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांना भरपाईची आठवण करून द्यायला विसरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच सैबाज शेख प्रकरणात सत्र न्यायालयांना सांगितले, की शारीरिक इजेच्या, विशेषतः मुले आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत भरपाईचा आदेश द्यावाच. निकालात तो नसेल तर त्याच दिवशी सरकारी वकिलांकडून अर्ज द्या. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय पुनर्वसनासाठी शिफारस करू शकते.

रक्कम मंजूर झाली की ती सगळी लगेच हाती येत नाही. महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेत २५ टक्के वापरायला मिळतात आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात. अल्पवयीन मुलासाठी ८० टक्के रक्कम सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहते. शिक्षणासाठी किंवा उपचारासाठी आधी काढायची असेल तर प्राधिकरणाच्या परवानगीने काढता येते, फीची पावती किंवा डॉक्टरांचे पत्र जोडून अर्ज करा. ठेवीच्या पावतीची प्रत घरी असू द्या आणि तिची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज नामंजूर झाला किंवा रक्कम अगदीच तुटपुंजी वाटली, तर आदेशाची प्रत घ्या. २०१८ च्या योजनेत अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि ते महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जाते. अपील लिहून द्यायलाही जिल्हा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.